खाल्लेलं जातं कुठं?

प्रश्न कोल्हापूरजवळच्या एका गावातल्या आईचा आहे. मुलगा सतरा वर्षांचा, दीड वर्षापासून शहरातल्या तालमीत राहतो. त्या लिहितात : "सकाळी बदाम-थंडाई, दोन वेळा दूध, अंडी, आठवड्यातून दोनदा मटण. बाकी जेवण खानावळीचं, चपाती-भाजी-भात. एवढं खाऊन पोराचं वजन चार किलोनं उतरलंय. दूध प्यालं की पोट गुडगुडतं. दिवसातनं दोन-तीनदा संडासला जावं लागतं. रक्त साडेनऊवर आलंय, तीन महिने लोहाच्या गोळ्या दिल्या तरी वाढेना. सगळे म्हणतात अग्नी मंद झालाय, अजून खायला घाला. डॉक्टर, अंगी का लागत नाही? खाल्लेलं जातंय तरी कुठं?"

ताई, तुम्ही "पचत नाही" असं न लिहिता "अंगी लागत नाही" असं लिहिलंत. तुमच्या पत्रातला सगळ्यात नेमका शब्द तोच. पचणं आणि अंगी लागणं ही दोन वेगळी कामं आहेत. बिघाड कुठल्या कामात आहे ते न बघता ताटात नुसती भर घालत राहिलं तर पैसा जातो आणि पोराचे महिने वाया जातात. मी बावीस वर्षं दुर्बिणीतून लोकांची जठरं आणि आतडी बघतो आहे, आणि ही गल्लत दर आठवड्याला समोर येते. म्हणून उत्तर थोडं लांबवतो. रविवारी दुपारी एक वाजता तुमचा मुलगा जेवायला बसला असं धरू. ताटात चपाती, सुकं मटण, तांबडा-पांढरा रस्सा, भात, कांदा आणि लिंबाची फोड. या ताटाच्या मागोमाग जाऊ.

तोंडातलं काम सगळ्यांना ठाऊक असतं, तरी एक गोष्ट करून बघा. भाकरीचा किंवा चपातीचा कोरडा घास मिनिटभर नुसता चावत राहा. हळूहळू तो गोडसर लागायला लागेल. लाळेतलं एन्झाइम, म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं विकर, पिठातल्या स्टार्चच्या लांब साखळ्या तोडून साखर मोकळी करायला लागलेलं असतं. अशी लाळ दिवसाला लिटर-दीड लिटर तयार होते. घास गिळला की अन्ननलिका त्याला वरून खाली पिळत नेते, आठ-दहा सेकंदांत तो जठरात. शीर्षासनात गिळला तरी तो जठरातच पोचेल, इतकी ती पकड पक्की असते.

आता जठर. आपण "पोट" म्हणतो तेव्हा बेंबीपासून बरगडीपर्यंत सगळंच त्यात येतं, आणि तिथूनच घोटाळा सुरू होतो. जठर ही त्यातली फक्त एक पिशवी, डाव्या बाजूला, बरगड्यांच्या आडोशाला. तिच्यात काय चालतं हे माणसानं पहिल्यांदा नीट पाहिलं ते एका अपघातामुळे. १८२२ साली अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर ॲलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला जवळून बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण जठराला पडलेलं भोक कातडीला येऊन कायमचं उघडं राहिलं. त्याच्यावर उपचार करणारे लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी पुढची काही वर्षं मांसाचे, भाजीचे तुकडे दोऱ्याला बांधून त्या भोकातून आत सोडले आणि तासातासानं बाहेर काढून पाहिले. जठरातला रस बाटलीत घेऊन, ऊब देऊन, त्यातही मांस विरघळतं का ते पाहिलं. विरघळलं. १८३३ मध्ये त्यांनी ही सगळी निरीक्षणं छापली. सेंट मार्टिनला मात्र या सगळ्याचा फार त्रास झाला. तो अनेकदा सोडून गेला, आणि त्याच्या जागी कुणीही गेलं असतं. पण जठरात आग पेटलेली नसते, आंबट रसाचं काम चालू असतं, हे त्याच्या जखमेमुळे पक्कं कळलं.

हा रस दिवसाला साधारण दोन लिटर तयार होतो आणि लिंबाच्या रसाइतका, कधी त्याहूनही आंबट असतो. त्यातलं आम्ल जंतू मारतं, प्रोटीनची घट्ट गुंडाळी उलगडतं, आणि पेप्सिन नावाचं विकर ती कापायला लागतं. जठराच्या भिंती हा सगळा ऐवज घुसळत राहतात. खालच्या तोंडाशी एक घट्ट वळं असतं. घन तुकडा दोन मिलिमीटरच्या आसपास बारीक होत नाही तोवर ते त्याला सहसा पुढे सोडत नाही. पाणी झटकन जातं, भात त्यामागे, तेलातुपाचं जेवण सगळ्यात शेवटी. पांढऱ्या रश्श्यात नारळाचं दूध, काजू, खसखस, वर मटणाची चरबी. असं एक वाजता जेवलेलं संध्याकाळी पाच वाजताही थोडंफार जठरात असतं. तेव्हा रविवारी संध्याकाळी पोट जड वाटतं म्हणून अग्नी मंद झाला असं समजू नका. चरबी आतड्यात पोचली की आतडंच जठराला निरोप धाडतं, सावकाश सोड म्हणून. ही यंत्रणा शाबूत असल्याची खूण आहे.

आणि एवढं सगळं करून जठर शरीराला देतं काय? जवळजवळ काहीच नाही. दारू आणि ॲस्पिरिनसारखी एखाददुसरी औषधं सोडली तर जठरातून रक्तात फारसं काही जात नाही. १८९७ साली झ्युरिचमध्ये कार्ल श्लाटर या सर्जननं एका बाईचं अख्खं जठर काढलं आणि ती त्यानंतर वर्षभराहून अधिक जगली. आजही कॅन्सरमुळे जठर काढलेली माणसं थोडं थोडं खाऊन आणि बी-बारा व्हिटॅमिनची इंजेक्शनं घेऊन वर्षानुवर्षं नीट राहतात. लहान आतडं असं अख्खं काढलं तर तोंडावाटे खाऊन जगता येत नाही, शिरेतून अन्न द्यावं लागतं. यावरून महत्त्व कुणाचं ते लक्षात येईल.

मध्येच एक शब्दाचा गुंता सोडवतो, कारण दवाखान्यात त्यामुळे रोज गैरसमज होतात. छातीत जळजळलं, आंबट ढेकर आला की आपण म्हणतो "पित्त झालंय". अंगावर गांधी उठल्या तरी "पित्त". पण यकृतात तयार होऊन पित्ताशयात साठतं ते खरं पित्त हिरवट-पिवळं, कडू असतं, आणि आम्लाच्या उलट गुणाचं. रिकाम्या पोटी वारंवार उलट्या होऊन शेवटी जो कडूजहर पिवळा घोट पडतो, ते खरं पित्त. आंबट पाणी वर येतं ते जठराचं आम्ल. डॉक्टरला सांगताना "पित्त" एवढंच म्हणू नका. आंबट की कडू, पिवळं की पांढरं, जळतं की खाजतं, ते सांगा.

आता मुख्य जागेवर येऊ. जठराच्या पुढचा लहान आतड्याचा पहिला तुकडा म्हणजे ड्युओडेनम. जुन्या वैद्यांनी लॅटिनमध्ये त्याला हे नाव दिलं कारण तो बारा बोटं रुंदीएवढा लांब, आपल्या भाषेत सांगायचं तर वीतभर. दुर्बीण जठराच्या वळ्यातून पुढे सरकली की मला हा भाग दिसतो. डाव्या-उजव्या घड्या, आणि एका बाजूला छोटा उंचवटा. थोडं थांबलं तर त्या उंचवट्यातून पिवळाधमक पित्तरस उसळून बाहेर येताना दिसतो, थांबतो, पुन्हा येतो. त्याच तोंडातून स्वादुपिंडाचा रसही येतो, तो पाण्यासारखा नितळ असल्यानं डोळ्याला कळत नाही.

हे दोन्ही रस नेमक्या वेळी कसे येतात? आधी सगळ्यांना वाटायचं, मज्जातंतूंमुळे. १९०२ मध्ये लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी कुत्र्याच्या आतड्याच्या एका भागाचे सगळे मज्जातंतू कापून त्यात आम्ल सोडलं. स्वादुपिंडानं तरीही रस सोडला. म्हणजे निरोप रक्तातून जात होता. त्या पदार्थाला त्यांनी सिक्रेटिन नाव दिलं, आणि शोध लागलेलं ते पहिलं हार्मोन. आंबट लगदा ड्युओडेनममध्ये उतरला की सिक्रेटिन सुटतं, आणि स्वादुपिंड खायच्या सोड्यासारखा क्षार असलेला रस सोडून तो आंबटपणा मारतं. चरबी आणि प्रोटीन पोचलं की दुसरं हार्मोन पित्ताशय पिळून काढतं.

पित्तरस करतो काय ते कळायला मटणाचं पातेलं नुसत्या थंड पाण्यानं घासून बघा. तवंग हलतो, निघत नाही. साबणाचा हात लागला की तोच तवंग फुटून पाण्यात मिसळतो. पित्तरस हा शरीराचा साबण. तो चरबीचे बारीक थेंब करतो, मग स्वादुपिंडाचं लायपेज नावाचं विकर त्या थेंबांवर काम करतं. प्रोटीन तोडणारी स्वादुपिंडाची विकरं इतकी जबर असतात की ती झोपलेल्या रूपात बाहेर पडतात आणि ड्युओडेनमच्या भिंतीवरचं दुसरं विकर त्यांना जागं करतं. ती आधीच जागी झाली तर स्वादुपिंड स्वतःलाच पचवायला लागतं. बेसुमार दारू पिणाऱ्यांना किंवा पित्ताचा खडा अडकलेल्यांना पोटात भोसकल्यासारखं दुखतं, पाठीत कळ जाते, तेव्हा बऱ्याचदा हेच झालेलं असतं, आणि तो घरी ओव्याचं पाणी पीत बसण्याचा आजार नाही.

एवढं झालं म्हणजे अन्न बहुतेक पचलं. अजून अंगी काहीच लागलेलं नाही. आतड्याची पोकळी ही खऱ्या अर्थानं शरीराच्या बाहेरच असते, तोंडापासून गुदापर्यंत आरपार गेलेल्या नळीसारखी. त्या नळीची भिंत ओलांडून रक्तात गेलेला कणच आपला.

ती भिंत कशी असते? ड्युओडेनममध्ये थोडं पाणी सोडून दुर्बीण जवळ नेली की आतलं अस्तर सपाट दिसत नाही. ओढ्याच्या तळाशी दगडावरचं शेवाळ पाण्याबरोबर हलावं तशी मिलिमीटरभर किंवा त्याहून आखूड लव हलताना दिसते. डॉक्टरी भाषेत व्हिलाय. प्रत्येक लवेवर पेशींचा एकेरी थर, आणि प्रत्येक पेशीच्या तोंडावर त्याहून कितीतरी बारीक केसांचा कुंचला. या घड्या, लव आणि कुंचल्यांमुळे काही मीटर लांब नळीचं आतलं क्षेत्रफळ साधारण 30 चौरस मीटर, म्हणजे सव्वातीनशे चौरस फुटांच्या आसपास भरतं. शाळेत टेनिसच्या मैदानाएवढं असं शिकवलं जायचं, पण २०१४ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी नव्यानं मोजमाप केलं तेव्हा आकडा एवढ्यावर आला. माझ्या मते हाही थक्क करणारा आहे. या पेशी तीन ते पाच दिवसांत झडतात आणि तळातून नव्या वर सरकतात. आठवड्याभरात अस्तर नवं होतं.

पचनाचा शेवटचा घावही या कुंचल्यावरच बसतो. साखरेचे, दुधातल्या लॅक्टोजचे शेवटचे दोन तुकडे करणारी विकरं तिथे रोवलेली असतात. त्यातलं लॅक्टोज तोडणारं विकर, लॅक्टेज, लवेच्या अगदी शेंड्याकडे असतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग कण आत कसे जातात? प्रत्येकाची वाट वेगळी. ग्लुकोजची वाट सांगतो, कारण तिनं लाखो जीव वाचवले आहेत. ग्लुकोजचा एक कण आत जाताना सोडियमचे दोन कण बरोबर घेऊन जातो, आणि त्यांच्यामागे पाणी ओढलं जातं. कॉलऱ्यात आतडं बादलीनं पाणी बाहेर टाकतं, तरीही हे दार उघडंच राहतं. १९७१ च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा कोलकात्याचे डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोजचं पाणी पिंपात करून लोकांना पाजलं. आधी शंभरातले तीसच्या आसपास मरत होते, ते चाराच्याही खाली आले. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचा पूर ओसरल्यावर शिबिरात जुलाबाची पोरं यायची, आया म्हणायच्या "सलाईन लावा, ताकद येईल". उलटी थांबलेल्या मुलाला चमच्या-चमच्यानं ओआरएस पाजून तासाभरात त्याचे डोळे टवटवीत होताना मी त्यांना दाखवत होतो. घरी करायचं तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सपाट सहा चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. साखर वाढवू नका. जास्त साखर उलट पाणी आतड्यात ओढते आणि जुलाब वाढतात.

मटणातलं, अंड्यातलं प्रोटीन अमिनो आम्लांच्या आणि त्यांच्या दोन-तीन मण्यांच्या तुकड्यांच्या रूपात आत जातं. साखर आणि अमिनो आम्लं तिथून एका मोठ्या शिरेतून थेट यकृतात. यकृत बघतं, काय ठेवायचं, काय पुढे सोडायचं. चरबीची वाट मात्र निराळी. पेशीच्या आत ती पुन्हा बांधली जाते, तिच्या बारीक गोळ्या होतात आणि त्या लसिकावाहिन्यांतून, यकृताला वळसा घालून, मानेच्या डाव्या बाजूला रक्तात पडतात. १६२२ मध्ये इटलीत गास्पारे असेल्ली यांनी नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याचं पोट उघडलं तेव्हा आतड्याच्या पडद्यात दुधासारख्या पांढऱ्या रेषा दिसल्या. कापली तर पांढरं पाणी वाहिलं. त्या याच वाहिन्या होत्या, नुकतं खाल्लेलं तूप-चरबी घेऊन चाललेल्या.

लोह कुठे शोषलं जातं? मुख्यतः त्या वीतभर ड्युओडेनममध्ये. बी-बारा कुठे? दुसऱ्या टोकाला, लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, तेही जठरातून आलेल्या एका प्रोटीनचा हात धरून. म्हणून कशाची कमतरता आहे यावरून बिघाड कुठल्या टप्प्यावर आहे याचा अंदाज बांधता येतो, आणि तुमच्या मुलाच्या बाबतीत मला लोहाची खूण महत्त्वाची वाटते.

आधी सोपं बघू. तो गोळी कशाबरोबर घेतो? दुधाबरोबर घेत असेल तर दुधातलं कॅल्शियम लोह अडवतं. चहाबरोबर घेत असेल तर चहातली टॅनिनं लोहाला बांधून ठेवतात. ॲसिडिटीची गोळी रोज चालू असेल तर आम्ल कमी पडून लोह नीट सुटत नाही. गोळी रिकाम्या पोटी, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. मळमळलं तर थोडं खाऊन. चहा किमान तासभर लांब ठेवावा. आपल्याकडे जेवणावर लिंबू पिळायची पद्धत आहे ती फार मोलाची, कारण मेथी, मटकी, नाचणीतलं लोह एरवी हट्टी असतं आणि लिंबातलं क जीवनसत्त्व त्याला वश करतं. मटणातलं लोह वेगळ्या दारानं जातं, त्याला फारशी मदत लागत नाही. भारतात १५ ते ४९ वयोगटातल्या बायकांपैकी ५७ टक्के जणींचं रक्त कमी असल्याचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळलं. अशा वेळी जेवल्या जेवल्या चहाचा कप ही मामुली गोष्ट राहत नाही.

तीन महिने गोळी नीट घेऊनही रक्त वाढलं नसेल, तर माझी नजर ड्युओडेनमच्या त्या लवेकडे जाते. का, ते एका मुलीवरून सांगतो. राधानगरी तालुक्यातली, एकोणीस वर्षांची, पोलीस भरतीची तयारी करायला शहरात आलेली. सकाळी धावताना धाप लागायची, रक्त आठ. मी दोन महिने लोहाच्या गोळ्या बदलत राहिलो. ती चूक माझी. तिसऱ्या खेपेला तिच्या आईनं सहज सांगितलं, "गावाकडं सुट्टीला आली की बरी असते बघा, पोट बी गप असतं." गावाकडं काय खाते? भात, नाचणीची भाकरी. होस्टेलवर? चपाती, पाव, बिस्किटं.

दुर्बीण घातली. जिथे शेवाळ हलायला हवं तिथे गुळगुळीत, जागोजागी भेगा पडलेलं अस्तर. घड्यांच्या कडा खाचाखाचांच्या. तुकडा तपासला, रक्ताची टीटीजी नावाची चाचणी केली. सिलिॲक आजार. गहू, जव यांच्यातलं ग्लुटेन हे प्रोटीन पोटात गेलं की काही माणसांची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्यावर उलटते आणि लव झडून जाते. अन्न पचतं, पण शोषायला जागाच उरत नाही. सगळ्यात आधी मार बसतो ड्युओडेनमला, म्हणून लोह कमी पडतं. लवेचा शेंडा गेला की लॅक्टेजही जातं, म्हणून दूध सोसत नाही.

हा संबंध हॉलंडमधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी लावला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथे युद्धामुळे उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला, आणि सगळा देश खंगत असताना या आजाराची मुलं सुधारली. पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. डिके यांना आधीपासून गव्हावर संशय होता, या हिवाळ्यानं तो पक्का केला.

राधानगरीच्या त्या मुलीला मी गहू पूर्ण बंद केला. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, वरई, सगळं चालतं, त्यामुळे आपल्या भागात हे पथ्य पाळणं अवघड जाऊ नये. तरी तिचा त्रास दीड महिना रेंगाळला. शेवटी कळलं, ज्वारी गिरणीत गव्हाच्या पाठोपाठ दळली जात होती. जात्यात राहिलेलं मूठभर गव्हाचं पीठ तिला पुरत होतं. आमटीतला खडा हिंगही तपासला, बाजारातल्या बऱ्याच हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. घरी छोटी चक्की आणली, हिंग बदलला. आठ महिन्यांनी रक्त सव्वाबारा झालं. दुर्बिणीत पुन्हा लव हलताना दिसली. मी तिला पडद्यावर ती दाखवली, बराच वेळ बघत होती.

तुमच्या मुलालाही हेच आहे असं मी पत्रावरून म्हणणार नाही. वजन उतरणं आणि रक्त कमी असणं याला इतरही कारणं आहेत. शेतात अनवाणी वावरल्यानं होणारे आकडेवाले जंत रोज थोडं थोडं रक्त पितात. जिआर्डिया नावाचा जंतू दूषित पाण्यातून येऊन आतड्याला चिकटून बसतो. आपल्याकडे आतड्याचा क्षयही कमी नाही, त्यात संध्याकाळी बारीक ताप असतो, पोटात कळ येते. थायरॉइड, साखर हेही बघावं लागतं. शौच तेलकट, पांढुरकं, पाण्यावर तरंगणारं, संडासाला चिकटणारं असेल तर चरबी पचत नाही, आणि मग संशय स्वादुपिंडावर. मुलाला हे विचारा. लाजेल, पण विचारा. डॉक्टरला त्यातून खूप कळतं.

दुधाबद्दल. मोठेपणी लॅक्टेज आपोआप कमी होणं हे आपल्याकडे खूप लोकांत असतं, त्यात आजार काही नाही. न पचलेलं लॅक्टोज मोठ्या आतड्यात जातं, तिथले जंतू ते आंबवतात, गॅस होतो, गुडगुडतं. हे जंतू शत्रू नव्हेत. आपल्याला न पचणारा कोंडा, भाज्यांच्या शिरा आंबवून ते जी आम्लं बनवतात त्यांवर मोठ्या आतड्याचं अस्तर पोसलं जातं. मटकीच्या उसळीनं पोट फुगतं तेही त्यांच्याचमुळे, कारण कडधान्यातली एक प्रकारची साखर तोडणारं विकर माणसाला मिळालेलंच नाही. मोड आणले, भिजवलेलं पाणी टाकलं की त्रास कमी होतो. बाकी मोठ्या आतड्याचं काम म्हणजे उरलेलं पाणी ओढून घेणं. प्यायलेलं आणि शरीरानंच रसांच्या रूपात सोडलेलं मिळून दिवसाला आठ-नऊ लिटर पाणी आतड्यात येतं, त्यातलं लहान आतडंच बहुतेक परत घेतं, आणि शेवटी शौचातून जेमतेम कपभर जातं. रविवारच्या त्या ताटाचा चोथा बाहेर पडेपर्यंत सोमवारची रात्र, कधी मंगळवारही उजाडतो.

पण तुमचा मुलगा लहानपणापासून म्हशीचं दूध पचवत आला असेल, आणि ते दीड वर्षातच सोसेनासं झालं असेल, तर दुधाला दोष देऊ नका. लवेच्या शेंड्याला काहीतरी झालंय का, असा प्रश्न आधी विचारायला हवा. कोल्हापुरातल्या गंगावेशीच्या कट्ट्यावर उभं राहून धारोष्ण दूध पिणं सध्या थांबवा. त्याऐवजी घरी लावलेलं दही चालेल, विरजणातले जंतू बरंच लॅक्टोज आधीच खाऊन टाकतात. कच्च्या दुधातून इतर जंतूही येतात, तेव्हा पुढे दूध सुरू केलंत तरी उकळूनच.

पोटरोगतज्ज्ञाकडे जाताना लोहाच्या गोळ्यांचं पाकीट, जुने रक्ताचे रिपोर्ट आणि गेल्या वर्षभरातली वजनं तारखांसह लिहून न्या. शौचाची तपासणी, हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि बी-बारा, टीटीजी आणि सोबत एकूण आयजीए (प्रतिकारशक्तीचं एक प्रोटीन) एवढं ते बहुधा सांगतीलच, नाही सांगितलं तर विचारा. तोवर तालमीत नुसता हलका व्यायाम, लढत नको. साडेनऊ रक्तावर मेहनत करून घेणाऱ्या वस्तादांना ही गोष्ट स्वतः जाऊन सांगा, ते ऐकतील.

आणि हे उत्तर वाचून उद्यापासूनच चपाती बंद कराल, म्हणून आत्ताच सांगतो : तपासण्या पूर्ण होईपर्यंत गहू बंद करू नका. गहू थांबला की काही आठवड्यांत टीटीजी उतरायला लागते, लव भरून यायला लागते, आणि मग आजार असूनही चाचणी कोरी येऊ शकते. रोज जेवतो तसंच जेवू द्या, रक्त द्या, दुर्बीण होऊ द्या. नंतरच ताट बदला.